ताईच्या हातची गाठ

चौकीवरच्या अकराही गड्यांना दोराची गाठ झोपेत मारता आली असती. तरी रोज सकाळी निघायच्या वेळी ते एकेक करून वृषाली शेडगेसमोर येऊन उभे राहायचे, कमरेचा पट्टा पुढं करायचे आणि म्हणायचे, "ताई, तेवढी गाठ मारून दे."

वृषालीला आधी वाटलं, ही नवी थट्टा. थट्टेला ती सरावली होती. पहिल्या दिवशी ती हेलिकॉप्टरमधून उतरली, तेव्हा नाईक यशवंत बोडरेने खोपटाच्या कोपऱ्यात जुनी ताडपत्री टांगून ठेवली होती. "हे तुमचं संस्थान, म्याडम," तो म्हणाला. "पासपोर्ट दाखवल्याबिगर कुणी आत येणार न्हाई." बाकीचे हसले. तीही हसली, कारण न हसणं त्याहून महागात पडलं असतं. त्यानंतर कितीतरी दिवस ती खोपटात शिरली की बोडरेचा विनोद अर्ध्यावर तुटायचा आणि ती बाहेर गेली की उरलेल्या अर्ध्यावरचा हशा तिला बर्फात उभं राहून ऐकू यायचा.

युद्धाला दुसरं वर्ष लागलं होतं. हे युद्ध यंत्रं लढणार म्हणून केवढा गाजावाजा झाला होता. पण एवढ्या उंचीवरच्या विरळ हवेत ड्रोन ओझं उचलेनात आणि थंडीने त्यांच्या बॅटऱ्या तासाभरात मान टाकायच्या. तेव्हा पलीकडच्या शत्रूवर नजर ठेवायला वर माथ्यावर जो टेहळणीचा संच बसवला होता, त्याला लागणारी प्रत्येक बॅटरी, प्रत्येक डबा माणसाच्या पाठीवरूनच जायचा. साताऱ्याकडची वृषाली शाळेत असल्यापासून कड्यांवर दोर लावणाऱ्यांच्या टोळीत वाढलेली. दोराच्या पुढच्या टोकाला असा माणूस हवा होता, म्हणून आघाडीच्या पायदळ चौकीवर ती पहिली बाई म्हणून आली. सरकारने तिला पाठवलं, पण तिच्या मापाचे बूट पाठवायचं राहून गेलं. ती दोन जोड मोजे चढवून पुरुषी बूट वापरायची. हातमोज्यांची बोटं तिने स्वतःच कापून, शिवून आखूड केली होती.

गळ्यातला पट्टाही तसाच सैल होता. त्याला आतून फ्लॅनेलची चिंधी शिवून तिने तो मानेला बसवला होता. सरकारी कागदावर त्याचं नाव स्थिरक. गडी त्याला माळ म्हणायचे. गावाकडे माळ घातली की मटण सुटतं, इथं भीती सुटते, एवढाच फरक, असं बोडरेचं म्हणणं.

भीती मेंदूत असते असं आपण धरून चालतो, पण ते अर्धंच खरं आहे. समोर साप दिसला की मेंदूतलं बदामाएवढं एक केंद्र शरीराला हाक देतं. छाती धडधडते, श्वास आखडतो, पोटात गोळा येतो. मग या धडधडीची, या गोळ्याची बातमी उलटी मेंदूकडे जाते आणि ती पोचली की माणसाला आपण घाबरलोय हे जाणवतं. ही बातमी नेणारी मोठी तार म्हणजे मानेतून खाली उतरणारी व्हेगस नावाची नस. स्थिरक त्या नसेला कातडीवरूनच विजेचे बारीक ठोके द्यायचा आणि खालून येणाऱ्या खऱ्या बातमीच्या जागी एकच खोटी बातमी वर पाठवत राहायचा, की सगळं ठीक आहे.

त्याने माणसाला धोका दिसायचा बंद होत नव्हता. दरी किती खोल, गोळी कुठून येईल, सगळं कळायचं. फक्त पोटात काही व्हायचं नाही. बंदुकीचा नेम हलत नव्हता, झोप लागत होती, भीतीने कुणी रडत नव्हतं. वरचे साहेब लोक हरखून गेले आणि वर्षभरात पट्टा प्रत्येक आघाडीच्या सैनिकाच्या गळ्यात आला.

अडचण एवढीच होती की ठोक्यांचं माप ज्यांच्या मानांवर बसवलं ते झाडून सारे पुरुष होते. बाईच्या शरीरात महिनाभर संप्रेरकं वरखाली होतात आणि नसेची ठोका ओळखण्याची पातळीही त्यांच्याबरोबर हलते. पुरुषाच्या मापाचा ठोका तिथे पोचतच नाही. पट्ट्यावरचा हिरवा दिवा मात्र ठोका निघाला एवढंच सांगायचा, पोचला की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. वृषालीच्या गळ्यातही तो दिवा दिवसरात्र हिरवागार जळत होता.

आणि वृषाली घाबरत होती. सकाळी डोळे उघडल्यापासून ताडपत्रीआड पुन्हा मिटेपर्यंत घाबरत होती. बर्फाला, पलीकडच्या बंदुकांना आणि कधीकधी तर या अकरा माणसांच्या शांत चेहऱ्यांना. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. खाली तळावर तिच्या मागोमाग मुलींची एक तुकडी तयार होत होती. इथे माळ बाईला धरत नाही असा एक शब्द गेला असता, तर तिला उतरवलं असतं आणि त्या पोरींना कचेऱ्यांमध्ये फाइली लावायला पाठवलं असतं. म्हणून ती बरोबरीने ओझं उचलायची, कधी थांबा म्हणायची नाही आणि बोटं थरथरली की थंडीच्या नावाने खडे फोडायची.

माथ्यावर जायला वाटा दोन. एक सुपाच्या आकाराच्या बर्फाळ उतारावरून आडवी जाणारी. तिला सूप म्हणायचे. जवळची, शत्रूच्या नजरेआडची, पण डोक्यावर सतत बर्फाचं ओझं टांगलेली. दुसरी खडकाळ दांड्यावरून. लांबची, दम काढणारी आणि मध्ये एका टप्प्यावर पलीकडून दिसणारी. वरचा हुकूम सुपाचा होता. शंका असेल तर दांडा, असंही त्यात लिहिलं होतं. पण शंका यायला जे लागतं, ते गळ्यातल्या माळेने काढून घेतलं होतं.

एका सकाळी वृषाली गाठी मारत होती. आकाश निरभ्र होतं, वारा पडलेला होता, बाकीच्यांच्या मते याहून चांगला दिवस शोधून सापडला नसता. तिला मात्र आदल्या दिवशीचा ओलसर वारा आठवत होता. सुपाच्या वरच्या काठावरचा बर्फ पुढे झुकल्यासारखा दिसत होता. बोडरेच्या कमरेची गाठ मारताना तिची बोटं दोनदा घसरली.

"थंडी फार आहे आज," ती म्हणाली.

"व्हय, लई हाय," बोडरे म्हणाला आणि त्याने मान वळवून सुभेदारांकडे पाहिलं.

सुभेदार दौलत खाडे हे चौकीचे प्रमुख. माण तालुक्यातला माणूस, पन्नाशीकडे झुकलेला, कमी बोलणारा. त्यांनी उगाच आकाशाकडे पाहिल्यासारखं केलं. "आज दांड्यानं जायचं," ते म्हणाले. कुणी का म्हणून विचारलं नाही. गड्यांनी मुकाट पाठी वळवल्या.

दुपारी ते दांड्याच्या आडोशाला खायला बसले असताना सूप कोसळलं. आधी एक बसका आवाज आला, मग अख्खा उतार जागचा हलला आणि खाली दरीत धुरळा उठला. सकाळी ते जिथून गेले असते ती वाट आता नव्हतीच. अकरा जणांनी माना वळवून पाहिलं. "गेलं की," एक जण म्हणाला आणि त्याने हातातली गुळाची चिक्की पुन्हा दाताखाली धरली. वृषाली खडकामागे गेली आणि तिने सकाळपासून खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. परत आली तेव्हा तिच्या वाटणीची चिक्की कागदात गुंडाळून ठेवलेली होती. ती कुणी ठेवली हे तिला कळलं नाही.

त्यानंतर पाच नंबर चौकीची बातमी आली. बातमी म्हणजे काय, वृषालीने ती आपल्या कानांनीच ऐकली. वायरलेस तिच्याकडे असायचा. पाच नंबर पलीकडच्या खोऱ्यात होती आणि त्यांचा माणूस रोज दुपारी हवापाणी विचारायला बोलायचा. त्या दुपारी तो वृषालीच्या चौकीला हाक देत म्हणाला, "तीन नंबर, आमच्या डोक्यावरचा बर्फ सरकायला लागलाय. आम्ही सगळे एकाच दोरावर हाये. ओव्हर."

"मग दोर कापा," वृषाली ओरडली. "कडेला पळा."

"कापता येईल," तो विचार केल्यासारखा म्हणाला. "चाकू हाय." त्याचा आवाज चहात साखर हवी का विचारावं तसा होता. त्यामागे वाढत चाललेली घरघर तिला ऐकू येत होती. "बराच आलाय आता. ओव्हर," तो म्हणाला, आणि मग संचातून नुसती खरखर आली.

तिने खोपटाबाहेर येऊन सांगितलं. गड्यांनी टोप्या काढल्या, पुन्हा घातल्या आणि आपापल्या कामाला लागले. त्यांना वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पाच नंबरवर बोडरेचा गाववाला होता, आणि बोडरेचे डोळे भरले होते. पण आपलंही असंच होईल, ही कळ त्यातल्या एकाच्याही पोटात उठली नाही. बारा माणसांच्या चौकीत आपण एकट्याच आहोत, हे तिला इतकं स्वच्छ कधी जाणवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुभेदार ऊन खात स्टोव्ह साफ करत बसले होते. ती जाऊन समोर उभी राहिली.

"साहेब, एक विचारू? सूप पडणार हे तुम्हाला त्या दिवशी कसं कळलं?"

"मला न्हाई कळलं," सुभेदार स्टोव्हच्या तोंडात पिन घालत म्हणाले. "तुला कळलं."

"मी तर काहीच बोलले नव्हते."

"बोटं बोलली की तुझी."

इतके महिने जे जिवापाड झाकलं ते यांच्यासमोर उघडंच होतं तर.

"बस," सुभेदार म्हणाले. "तुला उतरवायला न्हाई सांगत मी. ऐक. गेल्या साली मी सुट्टीवर गेलो. सुट्टीत माळ काढून ठेवत्यात. काढून पंधरा दिस झालते, तरी तिचा अंमल उतरला नव्हता. माझा बारका खेळता खेळता विहिरीत पडला. मी तितंच हुतो, वसरीवर. मी उठलो, चपला घातल्या आन् चालत गेलो. पळालो न्हाई. पोरगं बुडतंय हे कळत हुतं मला. पाणी किती हाय, दोर कुठं हाय, समदं कळत हुतं. पर पाय काय उचलंनात. बायकोनं उडी टाकून काढला त्याला. भायेर आल्यावर तिनं माझ्याकडं बगितलं फक्त. अजून बोलत न्हाई ती माझ्याशी."

त्यांनी पिन पुन्हा स्टोव्हच्या तोंडात घातली.

"तवा मला उमगलं. कळलं म्हंजे माणूस थांबत न्हाई, पोरी. थांबायला दुसरं कायतरी लागतं. ते आमच्याकडं उरलं न्हाई. माळ काढली तर खाली घंटा वाजती, ती काढता येत न्हाई. मग तू आलीस. बोडरेनं पयल्यांदा वळखलं की तुझी माळ लागत न्हाई. म्हणला, साहेब, ह्या बाईला भ्या वाटतंय. मी नियम केला. सकाळी गाठी तुझ्याकडनं मारून घ्यायच्या आन् तुझी बोटं बगायची. बोटं हलली की सूप बंद."

"म्हणजे बोडरेदादालाही माहीत आहे?"

"समद्यांस्नी म्हाईत हाय. म्हणून तर ताई झालीस."

वृषालीला आधी भयंकर राग आला. ज्याची लाज वाटून ती ताडपत्रीआड तोंडात मोजा कोंबून रडली होती, त्यावर ही माणसं रोज सकाळी निवांत आपला जीव टांगत होती आणि तिला कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मग त्या रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. चौकीवर या सबंध हंगामात एक माणूस गेला नव्हता. शेजारच्या चौक्या रिकाम्या होत होत्या. ती उठली, तोंड फिरवून डोळे पुसले आणि म्हणाली, "निदान माझ्या मापाचे बूट तरी मागवायचे होते, साहेब."

"मागीवलेत," सुभेदार म्हणाले. "येत न्हाईत त्याला मी काय करू."

त्या दिवसापासून गाठी मारताना तिने थंडीला दोष देणं सोडलं. भीती तशीच होती, उलट वाढली होती. आता तिला स्वतःपुरतं घाबरून चालत नव्हतं, बारा जणांचं घाबरायचं होतं. तिला जेवण जाईनासं झालं. चेहरा ओढला. कधीकधी तिला वाटायचं, एक दिवस, फक्त एक दिवस या माणसांसारखं शांत बसायला मिळावं, मग काय व्हायचं ते होवो. असं वाटलं की ती स्वतःलाच रागवायची.

थंडी सरता सरता बॅटऱ्यांच्या खोक्यांबरोबर मेजर केतकी राजाध्यक्ष आल्या. त्या सैन्यातल्या डॉक्टर, स्थिरकाच्या कामावर नेमलेल्या. सगळ्यांचे रक्तदाब तपासायला आलोय असं त्यांनी सांगितलं आणि एकेकाला आत बोलावून खरोखरच तपासले. वृषालीला शेवटी बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुझा स्थिरक चालत नाही, हे मला तू इथे आलीस त्या आठवड्यापासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या नाडीचे आकडे मला खाली दिसतात. मी ते वर जाऊ दिले नाहीत."

वृषालीचा हात गळ्यातल्या पट्ट्याकडे गेला.

"पण आता समिती बसतेय. पट्टा बायकांना धरत नाही, म्हणून बायका आघाडीवर नकोत, असा ठराव तयार आहे. मी वर्षभर भांडून बायकांचं माप बसवलंय." त्यांनी खिशातून करंगळीएवढी एक कांडी काढली. "हे लावलं की तुझा पट्टा महिनाभराच्या चढउताराबरोबर स्वतःला जुळवून घेईल. उद्यापासून तुझे आकडे या गड्यांच्या आकड्यांसारखे दिसले, की समितीचं तोंड बंद. खालच्या पोरी वर येतील."

"मॅडम, मला नको ते," वृषाली म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. गाठी, बोटं, सूप, पाच नंबरचा आवाज.

मेजरबाईंनी कांडी मांडीवर ठेवली. "मी हे अहवालात लिहू?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "लिहिलं तर काय होईल सांगू? ते पट्टे काढणार नाहीत. त्यांना पट्टे आवडतात. ते म्हणतील, छान, मग प्रत्येक चौकीला एक बाई द्या, बिनपट्ट्याची. तिला घाबरायला ठेवा. तिच्या हाती बंदूक नको, बढती नको, तिने फक्त थरथरायचं. ती मोडली की दुसरी पाठवा. तुझ्या मागच्या पोरी त्याच कामाला येतील. आणि तू किती दिवस टिकशील, वृषाली? आरशात पाहिलंस शेवटचं कधी?"

आरसा ताडपत्रीआड होता, पण तिने त्यात बघायचं सोडून दिलं होतं. दोन्हीकडून कोंडी झाली होती. नको म्हटलं तर पोरी घरी जाणार, नाहीतर भीतीच्या नोकरीवर येणार. हो म्हटलं तर हे अकरा जण उघडे पडणार. तिने खूप विचार केला. बर्फ ओळखणं हे शेवटी ज्ञान आहे, ती मनाशी म्हणाली. ओला वारा, वरचा काठ, उतारातली भेग. ते तर मला कळतच राहील. सुभेदारांचा नियम बोटांवर आहे, तो बदलता येईल. उद्यापासून बोटं बघू नका, मी तोंडाने सांगेन ते ऐका, एवढं सांगितलं की झालं. आणि या सगळ्याच्या मागे, खूप मागे, ती फार दमली होती, हेही खरं होतं.

"लावा," ती म्हणाली. "पण मी सुभेदारसाहेबांना आधी सांगणार. इथून उठून पहिलं तेच करणार."

"सांग ना. नक्की सांग," मेजरबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः माळ कधी घातली नव्हती.

कांडी पट्ट्याला टेकली. मानेपाशी मुंगी चालल्यासारखं झालं. आणि पोटातला तो गोळा, जो ती या डोंगरावर आल्यापासून वागवत होती, हळूहळू सैल झाला आणि नाहीसा झाला. वृषालीने लांब श्वास घेतला. खिडकीतून दिसणाऱ्या, नव्या बर्फाने पुन्हा भरलेल्या सुपावर ऊन पडलं होतं. किती देखणा डोंगर आहे हा, तिला पहिल्यांदाच वाटलं.

ती बाहेर आली. सुभेदार हेलिकॉप्टरमधून उतरवलेली खोकी रचून घेत होते. तिला त्यांना सांगायचं होतं. ते तिच्या नीट लक्षात होतं. पण ते कामात होते आणि घाई कसली होती? सांगू सावकाश, ती म्हणाली, आणि खोकी उचलू लागली. हेलिकॉप्टर मेजरबाईंना घेऊन निघून गेलं. खोक्यांमध्ये एक बुटांचा जोड निघाला. तिच्या मापाचा. सगळ्यांनी तो पुढारी आल्यासारखा हातोहात आत नेला.

जेवताना बोडरे विनोद सांगत होता. ती येऊन बसली तरी तो थांबला नाही. मेंढरं, तलाठी आणि मुक्कामाची एस. टी. यांचा तो लांबलचक, वाह्यात विनोद वृषालीने पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकला आणि पोट धरून हसली. तिने दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. सुभेदार तिच्याकडे बघून समाधानाने मान हलवत होते. पोरीला बरं वाटतंय आज, असं त्यांच्या मनात आलं असावं. सांगायचं तिला तेव्हाही आठवलं. पण पंगत रंगली होती.

सकाळी गडी ओळीने उभे राहिले. ताडपत्रीवरचं दव गोठलं नव्हतं, पाणी होऊन टपकत होतं. म्हणजे वरचा बर्फही सैल झाला असणार, हे वृषालीला माहीत होतं. तिने एकेकाच्या कमरेच्या पट्ट्याला गाठ मारली. बोटं अशी चालत होती की कुणाला वाटावं, ती फुलं ओवतेय. बोडरेने तिच्या बोटांकडे पाहिलं, मग सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदारांनीही पाहिलं, अगदी शेवटची गाठ बसेपर्यंत.

"चला," ते म्हणाले. "सुपानं."

नवे बूट पायाला छान बसले होते. सुपाच्या मध्यावर आल्यावर पायाखालचा बर्फ एकदम थोडासा बसला आणि पोकळ आवाज झाला, जमिनीखाली कुणी दार लोटावं तसा. हा आवाज तिने दांड्यावरून ऐकला होता. वर पाहिलं तर काठाखाली एक बारीक निळसर रेघ उमटली होती आणि ती डावीकडून उजवीकडे लांबत चालली होती. आता हे सुटणार, वृषालीला कळलं. तिने ते मनाशी नीट नोंदवलं. मग ती मागे वळली. दोरावरचे अकरा जण थांबले होते आणि सगळे तिच्या हातांकडे बघत होते. हात अगदी स्थिर होते.

वरचा काठ तुटला. सुभेदारांनी मान वर करून पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"शेडगे," ते म्हणाले, "बोटं तर हलली न्हाईत तुझी."

"हो साहेब. काल मॅडमनी माळ चालू केली माझी. तेवढं सांगायचं राहिलं."

"आसं व्हय," सुभेदार म्हणाले.

बोडरेच्या कमरेला चाकू होता. दांड्याचा खडक हाकेच्या अंतरावर होता आणि पळायला वेळही होता. ते बारा जण एका दोरावर रांगेत उभे राहून वर बघत राहिले.